जुन्या मोटारीचा हीटर गार का पडतो?

पावसाळ्यात आंबोलीचा घाट चढताना किंवा धुक्याच्या पहाटे महाबळेश्वरहून उतरताना जुन्या मोटारीच्या पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. वायपर बाहेरचे पाणी पुसतो, आतले नाही. चालक एका हाताने फडके फिरवतो आणि दुसऱ्या हाताने चाक सांभाळतो. वातानुकूलन नसलेल्या मोटारीत ही वाफ घालवण्याचे एकच खात्रीचे साधन असते, ते म्हणजे हीटर. त्यातून येणारी गरम हवा काच तापवते व तिच्यावरचा ओलावा शोषून घेते. त्यामुळे 'आपल्या हवेत हीटर हवा कशाला?' हा प्रश्न मुंबईत जितका बिनतोड वाटतो तितका घाटात वाटत नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात तर हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

जुन्या ब्रिटिश मोटारींत हीटर ही मूळची सोय नव्हती, जादा पैसे मोजून घ्यायची जोड होती. १९५९ साली आलेल्या 'मिनी'च्या साध्या आवृत्तीत हीटर नव्हता. १९६२ साली बाजारात आलेल्या 'एमजीबी' या दोन आसनी गाडीतही तो सुरुवातीला वेगळा मागवावा लागे. अमेरिकेतील 'नॅश' कंपनीने १९३८ मध्येच बाहेरची ताजी हवा आत घेऊन ती इंजिनच्या पाण्यावर तापवण्याची पद्धत आणली होती. पुढे जवळपास सर्वच मोटारींनी तीच स्वीकारली. त्यामुळे या लेखात 'एमजीबी' हे उदाहरण धरले असले तरी पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांना पुढील विवेचन लागू पडेल. शिवाय ही गाडी आपल्याला अगदीच परकी नाही. तिचे १,७९८ सीसीचे इंजिन व आपल्या 'अॅम्बॅसेडर'मध्ये वर्षानुवर्षे बसवले गेलेले १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ही 'बी सीरिज' या एकाच घराण्यातील भावंडे होत. 'अॅम्बॅसेडर'वर हात बसलेल्या मेकॅनिकला 'एमजीबी'चे बॉनेट उघडल्यावर फारसे बिचकायला होत नाही ते यामुळेच.

उष्णता येते कोठून?

हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही, इंजिनची वाया जाणारी उष्णता तो उसनी घेतो. इंजिनमध्ये फिरणाऱ्या गरम पाण्याचा एक फाटा सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूने निघतो, एका लहान व्हॉल्व्हमधून जातो आणि डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमध्ये शिरतो. याला कोणी हीटरचा कोअर म्हणतात, कोणी नुसतेच हीटरची जाळी म्हणतात. तेथे उष्णता देऊन गार झालेले पाणी दुसऱ्या पाइपने वॉटर पंपाच्या शोषण बाजूकडे परत जाते. ब्लोअर या जाळीतून हवा ढकलतो व ती हवा पायांकडे किंवा काचेकडे वळवण्यासाठी झडपा असतात.

म्हणजे गरम हवा मिळण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. इंजिन पुरेसे तापले पाहिजे, तापलेले पाणी जाळीपर्यंत पोहोचले पाहिजे, जाळीतून ते वाहिले पाहिजे आणि हवा त्या जाळीतूनच गेली पाहिजे, बाजूने नव्हे. बिघाड या चारांपैकी कोठे आहे हे ठरवण्याआधी सुटे भाग मागवणे म्हणजे पैशांचा चुराडा. अनेक हौशी मालक जाळी बदलतात, व्हॉल्व्ह बदलतात आणि अखेरीस दोष थर्मोस्टॅटमध्ये निघतो.

दोन पाइप, एक हात

निदानाची पहिली पायरी फुकटची आहे. हीटरची कळ 'गरम'वर पूर्ण फिरवून गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी. मग इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि हीटरकडे जाणारे दोन्ही रबरी पाइप हाताने चाचपावेत. पाइप चांगलेच तापलेले असू शकतात, म्हणून आधी बोटाने हलका स्पर्श करून पाहावा. इंजिन सुरू असताना हे करू नये. पंख्यात बाही किंवा ओढणी अडकल्याच्या दुर्घटना गॅरेजमध्ये नव्या नाहीत. रेडिएटरचे झाकण तर या अवस्थेत मुळीच उघडू नये. सात पौंडी दाबाच्या झाकणाखाली पाणी साधारण ११० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण काढताच दाब उतरतो आणि शंभराच्या वर तापलेल्या त्या पाण्याची एकदम वाफ होऊन ते तोंडावर उसळते.

दोन्ही पाइप सारखेच कडक गरम असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे, दोष हवेच्या बाजूस शोधावा. एक गरम व दुसरा गार असेल तर पाणी जाळीत शिरते पण वाहत नाही. दोन्ही गार आणि इंजिन मात्र तापलेले, असे असेल तर पाणी हीटरपर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही कोमट असून तापमानाचा काटाही खालीच रेंगाळत असेल तर संशयाची सुई थर्मोस्टॅटकडे वळते.

ज्यांना बोटांवर भरवसा नाही त्यांनी दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरावा. मात्र चकचकीत धातूवर तो वास्तवापेक्षा कमी तापमान दाखवतो. मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावली की आकडा विश्वासार्ह होतो.

थर्मोस्टॅट: आपल्याकडचा हमखास दोष

आपल्याकडे जुन्या गाड्यांचा हीटर गार असण्याचे एक कारण परदेशी दुरुस्ती-पुस्तकांत ठळकपणे सापडणार नाही. ते म्हणजे गाडीत थर्मोस्टॅटच नसणे. 'इंजिन गरम होते' या तक्रारीवर थर्मोस्टॅट काढून टाकणे हा अनेक गॅरेजांचा जुना रामबाण उपाय. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात मालकाला फरक जाणवत नाही, उलट काटा खाली आला म्हणून तो खूश होतो. परंतु थर्मोस्टॅटचे काम इंजिनला थंड ठेवणे हे नसून त्याला योग्य तापमानावर आणणे व तेथे ठेवणे हे आहे. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून मोठ्या रेडिएटरमधून फिरू लागते. इंजिन तापायला फार वेळ घेते, चोक अधिक काळ ओढून ठेवावा लागतो, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि झीज वाढते. हीटर गार राहणे हे त्या दुखण्याचे केवळ बाहेर दिसणारे लक्षण असते.

थर्मोस्टॅट जागेवर आहे, पण उघडाच अडकला आहे, असेही होते. विशेषतः जुन्या, घडीच्या भात्यासारख्या बेलोज प्रकारात भाता फुटला की तो उघडाच राहतो. तपासणी घरच्या ओट्यावर होते. थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात असा टांगावा की तो तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर धरून पाणी मंद आचेवर तापवावे. त्यावर कोरलेल्या अंकाच्या, उदाहरणार्थ ८२ अंशांच्या, आसपास तो उघडू लागला पाहिजे. पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडून पाणी गार होताच पुन्हा मिटला पाहिजे. गार पाण्यातच फट दिसत असेल तर तो टाकून द्यावा. थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी ८८ अंशांचा व उष्ण प्रदेशासाठी ७४ अंशांचा थर्मोस्टॅट बसवण्याची प्रथा होती. आपल्याकडे बहुधा ८२चा मध्यम मार्ग सोयीचा ठरतो. (हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, हे घरातील अन्य सदस्य सांगतीलच!)

व्हॉल्व्ह आणि त्याची केबल

दोन्ही पाइप गार असतील तर हेडवरील व्हॉल्व्हपासून सुरुवात करावी. 'एमजीबी'त डॅशबोर्डावरची कळ एका पोलादी केबलने हा व्हॉल्व्ह उघडते. एकाला आत बसवून कळ फिरवायला सांगावे आणि आपण व्हॉल्व्हची दांडी पाहावी. बऱ्याचदा केबलचे बाहेरचे आवरण चिमट्यातून सुटलेले असते. कळ फिरते, आवरणच मागे-पुढे होते आणि दांडी जागची हलत नाही. अशा वेळी एक स्क्रू आवळल्याने काम होते. 'मॉरिस मायनर'सारख्या त्याहून जुन्या गाड्यांत तर हेडवर साधा हाताने फिरवायचा नळ असे. उन्हाळ्यात बंद करून ठेवायचा आणि हिवाळ्यात बॉनेट उघडून सोडायचा, अशी त्याची रीत होती. मागच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी तो बंद केला आणि नव्या मालकाला त्याचे अस्तित्वच ठाऊक नाही, अशी प्रकरणे अशक्य मुळीच नाहीत.

दांडी हलत असूनही पाणी येत नसेल तर व्हॉल्व्ह काढून पाहावा लागतो. त्याचे बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजाने धरलेले असतात व जोर लावल्यास हेडमध्येच तुटतात. म्हणून आदल्या दिवसापासून गंज सोडवणारे तेल दोन-तीनदा सोडावे. व्हॉल्व्ह निघाल्यावर त्यामागील हेडमधील भोकही पाहावे. ते गाळाने बुजलेले असण्याची शक्यता दाट असते व जाड तारेने खरवडून ते मोकळे करता येते. परत बसवताना नवे गॅस्केट घालावे.

गाळ, क्षार आणि हळद

एक पाइप गरम व एक गार, हे जाळी तुंबल्याचे लक्षण. ओतीव लोखंडाच्या इंजिनातून सुटणारा गंज आणि बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार हे दोन्ही मिळून जाळीच्या अरुंद नळ्यांत साचतात. मोठ्या रेडिएटरपेक्षा या नळ्यांतील प्रवाह संथ असल्याने गाळ येथे आधी बसतो. त्यात भर पडते ती रस्त्यातील तातडीच्या इलाजांची. गळका रेडिएटर बंद करण्यासाठी त्यात हळद टाकण्याची आपल्या चालकांची क्लृप्ती प्रसिद्ध आहे. गळती बुजवणाऱ्या तयार पावडरीही त्याच जातीच्या. जे द्रव्य रेडिएटरचे छिद्र बुजवते ते हीटरच्या नळ्याही सोडत नाही. मुक्कामी पोहोचण्यापुरता हा उपाय ठीक. मात्र नंतर सारी यंत्रणा धुऊन काढणे आवश्यक असते आणि ते कोणी करत नाही.

जाळी धुण्याची योग्य दिशा उलटी. इंजिन गार असताना दोन्ही पाइप सोडवावेत आणि पाणी ज्या तोंडातून एरवी बाहेर पडते त्या तोंडात बागेचा पाइप धरून पाणी सोडावे. सुरुवातीला विटकरी रंगाचे पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत थांबावे. नळ पूर्ण सोडण्याचा मोह टाळावा. पितळ-तांब्याच्या जुन्या जाळ्यांचे सांधे डाक देऊन जोडलेले असतात, जोराच्या दाबाने ते उकलतात. मग गाडीतील गालिचा भिजतो आणि साधे धुण्याचे काम डॅशबोर्ड उतरवण्यापर्यंत जाते. क्षार हट्टी असल्यास लिंबूसत्वाचे, म्हणजे सायट्रिक अॅसिडचे, सौम्य द्रावण काही तास भरून ठेवून पुन्हा धुवावे. तरीही प्रवाह क्षीण असेल तर जाळी काढून रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे नवा कोअर बसवायला द्यावी. 'एमजीबी'तून हीटरची पेटी बाहेर काढणे हे शांत डोक्याने करायचे काम आहे, रविवार दुपारचे नव्हे.

गाडीतील गालिचा ओला, आत गोडसर वास आणि काचेवर फडक्याने न जाणारा तेलकट पडदा, ही तीन चिन्हे एकत्र दिसली तर जाळी तुंबलेली नसून फुटलेली आहे. तो वास कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलचा. हे द्रव्य चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेतते. लहान मुलांनाही ते तितकेच घातक आहे. सांडलेले कूलंट गॅरेजच्या फरशीवर तसेच सोडू नये. जाळी दुरुस्त होईपर्यंत हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून जाळी वगळता येते व गाडी वापरता येते.

एअर लॉक आणि त्यामागचे दुखणे

पाणी बदलल्यानंतर हीटर बंद पडला असेल तर बहुधा आत हवा अडकली आहे. हीटरची जाळी पाण्याच्या मार्गात उंचावर असते व हवा उंच जागी जाऊन बसते. गाडी तोंड वर करून चढावर उभी करावी, हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा, गार इंजिनमध्ये सावकाश पाणी भरावे. झाकण न लावता इंजिन मंद गतीवर चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी आणि पाणी उकळण्याच्या बेतात येण्याआधी झाकण बसवावे. तेवढ्याने न भागल्यास गार इंजिनवरच हीटरकडून परतणारा पाइप सोडवून जाळीत वरून पाणी ओतावे व दोन्हीकडून भरल्यावर तो पुन्हा जोडावा.

एकदा काढलेली हवा पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र प्रकरण हीटरचे राहत नाही. हेड गॅस्केट उडू लागले की जळालेला वायू पाण्यात शिरतो आणि जाळीत साठतो. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, बाहेर गळती नसताना कमी होणारे पाणी, सायलेन्सरमधून पांढरी वाफ, तेलाच्या झाकणाखाली दुधी साय यांपैकी काही दिसल्यास गॅस्केटची तपासणी करून घ्यावी. गॅरेजमध्ये यासाठी एक निळे रसायन वापरतात. रेडिएटरच्या तोंडावरील हवा त्यातून ओढली आणि तीत जळालेला वायू असला की ते पिवळे पडते.

याहून तातडीचा इशारा असा की, महामार्गावर चालता चालता गरम हवा एकाएकी गार झाली तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. पाणी कमी झाले की उंचावरचा हीटर सर्वांत आधी कोरडा पडतो. अशा वेळी तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. त्याचा संवेदक पाण्याबाहेर उघडा पडला तर काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. काटा पाहून निर्धास्त राहिलेल्या चालकाचे हेड वाकते किंवा पिस्टन धरतात आणि दुरुस्तीचा खर्च हीटरच्या कितीतरी पट होतो. याउलट, पाणी शाबूत असताना वाहतूक कोंडीत इंजिन तापू लागले तर हीटर व ब्लोअर पूर्ण चालू केल्यास ते थोडे निवते. मे महिन्यात हा उपाय करणाऱ्याची अवस्था सांगायला नको, परंतु तो कामाला येतो.

गाडी उभी असताना हवा गार आणि वेग घेतला की गरम, असे होत असेल तर फॅन बेल्टचा ताण आणि वॉटर पंपाची पाती तपासावीत. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्धा इंच दबावा.

पाणी गरम, हवा गार

दोन्ही पाइप गरम असूनही आत वारा नाही, तर फ्यूज, अर्थची तार व ब्लोअरच्या मोटारीचे ब्रश या क्रमाने जावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत एक गमतीदार चकवा आहे. 'एमजीबी'सह त्यांतील अनेक गाड्यांची बॅटरी १९६०च्या दशकातील बऱ्याच काळापर्यंत धन टोकाने अर्थ केलेली असे. पुढे आधुनिक रेडिओ किंवा अल्टरनेटर बसवण्यासाठी मालक ती उलटी करून घेतात. ब्लोअरची मोटार कायम चुंबकाची असेल तर ती त्यानंतर उलटी फिरू लागते. गोल पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा देतोच, त्यामुळे दोष लवकर लक्षात येत नाही. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केली की वारा पूर्ववत होतो.

वारा भरपूर पण गार असेल तर हवा जाळीला वळसा घालून जाते आहे. जाळीभोवती व झडपांवर चिकटवलेला फोम पन्नास वर्षांत भुगा होऊन जातो. बाजारात मिळणारी मिटलेल्या छिद्रांची फोमपट्टी लावून फटी बंद कराव्यात. काचेकडे जाणारे गुंडाळीचे पाइप डॅशबोर्डमागे फाटलेले वा निखळलेले आहेत का, तेही पाहावे. बॉनेटमागच्या जाळीतून आत गेलेला पालापाचोळा हवेची वाट अडवतो आणि पाणी निघून जाण्याची नळी तुंबवतो. त्यामुळे पावसाळ्यात पाणी पायांशी येते. दीर्घकाळ उभ्या गाडीत उंदरांचे घरटे निघणे हेही नित्याचेच.

पाणी भरताना

दुरुस्ती झाल्यावर साधे नळाचे पाणी भरू नये. क्षारविरहित पाणी व कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण वापरावे. जुन्या पितळ-तांब्याच्या, डाक दिलेल्या यंत्रणेस नव्या पद्धतीच्या सेंद्रिय आम्लावर आधारलेल्या कूलंटपेक्षा पारंपरिक ग्लायकॉल प्रकार अधिक मानवतो, असे जुन्या गाड्यांचे जाणकार सांगतात. मनाली वा लेहच्या बाजूला गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. अशा अनेक गाड्यांत रेडिएटर व इंजिनचे नळ सोडले तरी हीटरमधील पाणी निघत नाही. ते गोठले की जाळी फुटते. त्यामुळे 'रात्री पाणी काढून ठेवू' हा बेत तेथे उपयोगी नाही, कूलंटच हवे.

'बीटल'चा मामला निराळा

फोक्सवॅगनच्या जुन्या 'बीटल'मध्ये पाणीच नाही. इंजिन हवेने थंड होते आणि त्याचा पंखा थोडी हवा एक्झॉस्टच्या नळीभोवतालच्या धातूच्या कोषांतून ढकलतो. ती हवा तापून दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून आत येते. हीटर गार असेल तर कोषांवरील झडपांच्या केबल गंजून तुटल्या आहेत का, इंजिन व कोष यांना जोडणारे पाइप जागेवर आहेत का आणि दारांखालच्या पट्ट्या सडल्या आहेत का, हे पाहावे.

येथे दुरुस्ती स्वतः करण्याचा उत्साह आवरावा. गरम हवेचा मार्ग एक्झॉस्टला लगटून जातो. कोषातील नळीला भोक पडले किंवा जोड सैल झाला तर कार्बन मोनॉक्साइड थेट आसनांपर्यंत येतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे चालक प्रवासाच्या थकव्यावर ढकलतो. डिसेंबर १९६२ मध्ये कंपनीने ताज्या हवेची सुधारित पद्धत आणली. त्यापूर्वीच्या गाड्यांत इंजिनवरून आलेली हवाच आत जाई. अशा गाडीत तेलाचा वा धुराचा किंचितही वास आल्यास काचा खाली कराव्यात, हीटरची कळ बंद करावी आणि एक्झॉस्ट तपासून होईपर्यंत ती उघडू नये.